गावचं घर एकटीच्या हिशेबानं बांधा

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की मुंबई-ठाण्याच्या माणसाला गाव आठवायला लागतं. कोकणातल्या माणसाला तर फारच. मग मला फोन येतात. "बाई, तुम्ही डोंबिवली सोडून गेलात ना, कसं काय जमलं? आम्हीही विचार करतोय." विचारणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरतं का, चिऱ्याचा भाव काय, इंटरनेट चालतं का, माकडं फार आहेत का, सगळी चौकशी करतो. त्याचं झालं की मी विचारते, "आणि वहिनी काय म्हणतात?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "ती काय, ती येईलच की!"

या "येईलच की"वर आज लिहायचं आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. परळ-लालबागकडच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. राहायला डोंबिवली, म्हणजे अर्धं आयुष्य लोकलमध्ये. २००९ साली निवृत्त झाले, २०१० साली आम्ही दोघं कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. आमच्या म्हणजे ह्यांच्या. माझं ते सासर. २०१७ साली हे गेले. तेव्हापासून मी इथे एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. मुलगा ठाण्याला असतो, "आई, आता पुरे, इकडे ये" असं दर रविवारी म्हणतो आणि मी दर रविवारी "बघू" म्हणते.

तेव्हा गावाला जाऊ नका असं मी सांगणार नाही, मी स्वतःच जात नाहीये परत! माझं म्हणणं वेगळं आहे. गावी घर बांधताना नवरा-बायको "आपण दोघं" असा विचार करतात. उतारवयात दोघं ओटीवर बसलीयत, समोर पाऊस पडतोय, हातात चहा. हे चित्र खोटं नाही, आम्ही सात वर्षं तसे बसलो. पण ते घर शेवटी बहुतेक वेळा एकटीचं होतं, आणि त्या एकटीचा विचार बांधताना कुणी केलेला नसतो.

गणित अगदी सोपं आहे, फळ्यावर कुणालाही बोलावलं तरी सोडवेल. आमच्या पिढीत नवरा पाच-सहा वर्षांनी मोठा असे, नव्हे तसाच शोधत. त्यात बायका पुरुषांपेक्षा सरासरीनं दोन-तीन वर्षं जास्त जगतात. पाच आणि तीन आठ. साठाव्या वर्षी बांधलेल्या घरात वीस वर्षं काढायची म्हटलं तर त्यातली आठेक वर्षं तिची एकटीची. २०११च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या पुरुषांत शंभरातले पंधराच्या आसपास विधुर होते, आणि स्त्रियांत शंभरातल्या अठ्ठेचाळीसच्या आसपास विधवा. हा आकडा ज्यांना घर बांधायचंय त्यांनी चिऱ्याच्या भावाशेजारी लिहून ठेवावा.

हे कुणी बोलत नाही, कारण बोलणं अशुभ वाटतं. बायको बोलली तर "माझ्या मरणाची वाट बघतेस का" होतं, नवरा बोलला तर "भलतंसलतं बोलू नका". मग न बोलता घर बांधलं जातं.

आणि हे कोकणात व्हावं याचं मला नवल वाटतं. कारण कोकणातली गावं एकट्या बायकांनीच तर चालवली. पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत नाहीतर कुणाच्या खाणावळीत भाडं भरून. घरी सासू, सून, पोरं, गुरं, नाचणीचा वरकस आणि महिन्याची मनीऑर्डर. अजूनही त्याची खूण आकड्यात दिसते. २०११ साली राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२! मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे, पुरुष गावात नसतात म्हणून. माणसं जाण्याचा वेग असा की २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. देशाची लोकसंख्या वाढत होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वाडीत सव्वीस घरं आहेत, त्यातली अकरा मे आणि गणपती सोडले तर बंद असतात.

मुंबईहून गावी परतण्याची एक लाट मी वर्गात उभी राहून पाहिलेली आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले काही महिने मुलं नुसती डब्याशिवाय यायची. मग पालक दाखले मागायला येऊ लागले. कोकणात चाललो, साताऱ्याला चाललो. एका मुलाची आई आली होती, राजापूरकडची. दाखला घेऊन जाताना म्हणाली, "बाई, आता शेत मलाच बघायचंय. ह्यांना बैल कुठल्या बाजूनं जुंपतात ते ठाऊक नाही." तिचा नवरा वीस वर्षं साचे चालवत होता. त्याची काही चूक नव्हती. पण गावी जायचं दोघांनी आणि गाव चालवायचं तिनं, हे त्या बाईला दाखला हातात घेतानाच माहीत होतं.

आताचे निवृत्त लोक काही संपामुळे परतत नाहीत. पेन्शन, फंड, मुलांची नोकरी, सगळं व्यवस्थित असतं. तरी वाटणी तीच राहते. स्वप्न त्याचं, कामं तिची.

कामं म्हणजे काय ते शहरातून कळत नाही म्हणून सांगते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्याची तयारी एप्रिलपासून. कौलं चाळून घ्यायची, फुटलेली बदलायची, कारण माकडं वर्षभर त्यावरून उड्या मारतात. कौलं चाळणारे गडी मिळायला आता आठ-आठ दिवस फोन करावे लागतात. पन्हाळीतला पाला काढायचा. पडवीला झड लागू नये म्हणून झापं नाहीतर प्लॅस्टिक बांधायचं. लाकडं मांगरात. आमसुलं वाळवून बरणीत, कुळीथ दळून डब्यात, सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात. मिरची-हळद कुटून आणायची. त्यात मे महिना म्हणजे चाकरमान्यांचा. घर भरतं. भरतं म्हणजे आमच्याकडे एकदा चौदा माणसं होती, आणि त्या चौदांना "गावचं जेवण" हवं होतं. घावणे हा पदार्थ एकेक करून तव्यावर होतो, हे खाणाऱ्याला कधी सुचत नाही. मी २०१२ सालापासून नियमच केला, ज्याला घावणे हवेत त्यानं तव्यासमोर उभं राहायचं. पीठ मी देते. पुतणे आता चांगले घालतात. एक तर जाळी इतकी सुरेख पाडतो की त्याच्या बायकोनं ठाण्यालाही त्याला त्या कामावर लावलंय.

मला हे जमलं कारण मी पस्तीस वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गावर ओरडलेली बाई होते. पण सगळ्याच बायकांना हे तोंडावर बोलता येत नाही. माझ्या ओळखीच्या एकीला इथे आल्यावर दोन वर्षांत पाठीचा पट्टा लागला. नवरा सगळ्यांना सांगत होता, गावी आल्यापासून माझं ब्लडप्रेशर खाली आलं!

असो. घराकडे वळते.

गावी घर म्हटलं की पुरुषाला माडी हवी असते. वरून शेत दिसतं, डोंगर दिसतो. दिसू दे. पण झोपायची खोली, संडास, मोरी आणि स्वयंपाकघर एकाच पातळीवर, उंबरठ्याशिवाय, आणि सगळं घराच्या आतच असलं पाहिजे. जुन्या पद्धतीनं मागच्या परसात बांधलेला संडास म्हणजे ऐंशी वर्षांच्या बाईनं श्रावणातल्या रात्री बॅटरी घेऊन शेवाळावरून चालत जायचं. पंपाचं बटण घरात हवं, विहिरीच्या काठावर नको. पाण्याची टाकी अशी हवी की वीज दोन दिवस नाही आली तरी चालेल, आणि ती नाही येत, पावसाळ्यात कुठेतरी माड पडतो आणि तारा घेऊन येतो. अशा वेळी गडग्यापलीकडून हाक येते, "बाईनू, लाईट इली काय वो तुमच्याकडे?" ह्या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही दिसत असतं, तरी तो विचारायचा असतो.

आणि रस्ता. कोकणातली घरं रस्त्याच्या खाली, पाणंदीतून, पायऱ्या उतरून, ओढा ओलांडून असतात. फोटोत फार छान दिसतं. आमच्या वाडीत अजून दोन घरं अशी आहेत की आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणावं लागतं. चौघं कुठून आणायचे? सव्वीसातली अकरा घरं बंद, उरलेल्यांतले तरुण गोव्याला नाहीतर मुंबईला. ह्यांना घर ओढ्याकाठी हवं होतं, तिथे पाखरं फार येतात म्हणून. मी अडून बसले. घर रस्त्यापासून तीस पावलांवर झालं. पाखरं काय, रस्त्याजवळही येतात.

२०१७च्या ऑगस्टात रात्री अकराच्या सुमाराला ह्यांच्या छातीत कळ आली. १०८ला फोन केला. ही रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, तोवर रात्री गाडीवाल्याला उठवावं लागे. गाडी थेट अंगणात आली. आधी कुडाळ, मग गोव्यात बांबोळी. आमच्या जिल्ह्यात जिवावर बेतलं की बांबोळीलाच नेतात, मुंबई लांब आणि गोवा जवळ. तीन दिवसांनी हे गेले. मुंबईत असतो तर वाचले असते का, हा प्रश्न मला भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी विचारला. मला माहीत नाही आणि मी त्याचा विचारही करत नाही. गाडी दारात आली, ह्यांना स्ट्रेचरवरून चढवता आलं, मी शेजारी बसून गेले. ओढ्याकाठून हे झालं नसतं एवढं मात्र माहीत आहे.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचाच.

कोकणातलं मूळ घर बहुधा सामाईक असतं. आमच्या मूळ घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली सहा माणसं हयात नाहीत आणि दोघं कुठे असतात कुणाला ठाऊक नाही. निवृत्त माणूस अशा घरात पदरचे पाच-सात लाख घालतो, लादी बसवतो, संडास बांधतो. तो असेपर्यंत कुणी काही बोलत नाही, उलट कौतुक होतं. तो गेला की मग हळूच निघतं, "घर तर सगळ्यांचं आहे ना." कायदा विधवेच्या बाजूनं आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायकोला त्याच्या वाट्यात मुलांच्या बरोबरीनं हिस्सा मिळतो. पण सतरा नावांच्या घरातला तो हिस्सा म्हणजे कुठली खोली, कुठलं दार? त्यासाठी तिनं सत्तराव्या वर्षी कुडाळच्या कोर्टात खेटे घालायचे का?

म्हणून आधी वाटणी, मोजणी, फेरफार, आणि नंतर चिरे. किंवा सामाईकात न पडता वेगळी जागा. (ज्यांना गावच नाही आणि नुसती शेतजमीन घेऊन राहायचंय, त्यांनी लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आपण शेतकरी असल्याचा दाखला लागतो. फार्महाउसच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असतं.) जमिनीवर बायकोचं नाव लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती आणि शासनानंही १९९२ साली नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीतही दोघांची नावं लागतात. तलाठ्याकडे जाऊन चौकशी करा. आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात ते तलाठीच आहेत आणि राहणार.

मी इथे येताना ह्यांना सांगितलं होतं, घरावर माझं नाव लागल्याशिवाय मी पाया खणू देणार नाही. हे आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी पंचायतीतून अर्जाचा नमुना घेऊन आले. पुढे मृत्युपत्रही केलं, कुडाळला जाऊन रीतसर नोंदवलं. येताना आम्ही मालवणी खाजं घेतलं आणि एस.टी.त बसून खाल्लं. मृत्युपत्र केल्यानं कुणी मरत नाही. हे त्यानंतर पाच वर्षं चांगले धडधाकट होते.

दुसरी गोष्ट मुंबईची जागा. ती विकून गावी बंगला बांधायचा मोह फार होतो, कारण डोंबिवलीच्या एका खोलीच्या किमतीत इथे केवढं घर होतं! आम्ही विकली नाही, भाड्यानं दिली. घर त्यामुळे लहान झालं, दोन खोल्या, पडवी आणि मागे एक पाहुण्यांची. भाडं माझ्या नावावर येतं. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही, की मला वाटलं तर मी परत जाऊ शकते. सूर्याजीनं सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट मी पस्तीस वर्षं शिकवली. मुलांना फार आवडायची. लढाईत ती ठीक आहे. संसारात दोर कापणारा एक असतो आणि लोंबकळणारी दुसरीच.

तिसरी गोष्ट बायकांनाच सांगायची आहे. गावी आल्यावर पहिल्या महिन्यापासून बँकेत तुम्ही जा. लाईटबिल तुम्ही भरा, गॅसवाल्याचा, वायरमनचा, रिक्षावाल्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये पाहिजे. एस.टी.नं एकटीनं तालुक्याला जायची सवय ठेवा. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीनंतर सगळ्यांनाच फुकट, मी पुढच्या वर्षाची वाट बघतेय. गाडी दिवसातून दोनदाच येते हा भाग वेगळा. शहरात नोकरी केलेल्या बायकासुद्धा गावी आल्या की का कोण जाणे, माजघरात शिरतात आणि बाहेरचं सगळं नवऱ्यावर सोडतात. गावही तसंच धरून चालतं. पुरुष येऊन ओटीवर बसतात, बोलतात, चहा आत सांगितला जातो. दहा वर्षांत त्याच्या ओळखी पंचवीस होतात आणि तिची ओळख त्याची बायको एवढीच राहते. तो गेला की ओटीवरचे लोकही येईनासे होतात. त्यांना तरी काय बोलावं कळत नसतं.

मला इथे सगळे "बाई" म्हणतात. ह्यांच्या माघारीही मी बाईच राहिले, कारण मी आल्या वर्षापासून वाडीतल्या मुलांना पडवीत बसवून मराठी आणि इतिहास शिकवत होते. आता मुलंच कमी झालीत, चार येतात. पण आधीची सगळी आहेत ना. वायरमन माझा विद्यार्थी आहे. त्याला ऱ्हस्व-दीर्घ कधीच आलं नाही पण फ्यूज उडाला तर दहा मिनिटांत येतो.

हे झालं घराचं. पण एकटीनं गावात राहायचं म्हणजे घराबाहेरही राहायचं, आणि तिथे सगळं गोड नाही.

एकटी म्हातारी शहरात जास्त सुरक्षित की गावात, असं मला विचाराल तर मी गाव म्हणेन. सकाळी सातपर्यंत माझं मागचं दार उघडलं नाही तर हाक येते, "बाईनू, बरा असा मा?" डोंबिवलीत आमच्या मजल्यावर सहा दारं होती आणि सहाही बंद. तिथे कुणी वाईट नव्हतं, सगळे सकाळी सहाची गाडी पकडणारे होते. पण जी नजर माझं दार उघडलं का बघते तीच नजर दारात कोण आलं, किती वाजता गेलं, आणि बाईंच्या कपाळाला काय आहे हेही बघते. दोन्ही एकत्र येतात. एक घेतली आणि दुसरी परत केली असं करता येत नाही.

हे गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. त्याआधी सात वर्षं येत होतं. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, नुसतं आलं नाही. मी धक्का बसण्याच्या वयाची नाही. पण मुंबईत आमच्या शाळेत शिक्षकखोलीत हळदीकुंकू व्हायचं तेव्हा आम्ही सगळ्याजणी बसायचो, कुणाचा नवरा आहे कुणाचा नाही असं कुणी मोजलेलं मला आठवत नाही.

४ मे २०२२ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावानं ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी ते पेपरमधलं कात्रण आणि परिपत्रक घेऊन आमच्या महिलांच्या ग्रामसभेला गेले आणि वाचून दाखवलं. वर्गात वाचतात तसं, सावकाश. कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग मागून एक वयस्क बाई म्हणाल्या, "तुमचा मुंबयचा येगळा, बाई." सभा पुढच्या विषयावर गेली, तो विषय नळपाणी योजनेचा होता आणि त्यावर सगळ्या एकदम बोलल्या.

आठवड्यानं संध्याकाळी आमच्या वाडीतली एक मुलगी ताट परत द्यायला आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची, नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला, दोन मुलं, काजूच्या कारखान्यात जाते. ताट ठेवलं तरी निघेना. पडवीच्या खांबाला धरून उभी. मग म्हणाली, "तो कागद माका वाचूक देशात?" मी दिला. बऱ्याच दिवसांनी तो परत आला, घड्या मोडून मऊ झालेला, म्हणजे तिच्याकडून आणखी कुणाकडे जाऊन आला असणार. आमच्या ग्रामपंचायतीनं ठराव अजून केलेला नाही. मी दर वेळी विषय देते. इतिवृत्तात "चर्चा झाली" असं लिहितात.

ती मुलगी कुठे जाणार? तिला डोंबिवलीची खोली नाही. माझी पेन्शन आहे, भाडं आहे, घर माझ्या नावावर आहे, म्हणून मला न बोलावल्यानं माझं एक वाण चुकतं. तिला न बोलावल्यानं काय काय चुकतं याची यादी वेगळी आहे. म्हणून मला वाटतं, शहरातून आलेल्या बाईनं नाव, पैसा आणि ओळख स्वतःची ठेवली तर त्याचा उपयोग तिच्या एकटीपुरता राहत नाही. ग्रामसभेत उभं राहून वाचायला कुणीतरी लागतं आणि ज्याला घरातून कुणी काढू शकत नाही असंच माणूस ते वाचू शकतं.

मे महिन्यात एक जोडपं येणार आहे, कल्याणचं. ते जागा बघणार आहेत, आंबे खाणार आहेत, परत जाणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, मे महिन्यात गाव बघून काही ठरवू नका. मे महिन्यात सगळं उघडं असतं, माणसं असतात, रस्ते कोरडे असतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात वहिनींना एकटीला पाठवा, पंधरा दिवस. रात्री कोकणकन्येत बसल्या की सकाळी कुडाळ, स्टेशनवरून आणायला मी रिक्षा पाठवते. माझी मागची खोली रिकामीच असते. त्यांनी इथली वीज बघावी, पाऊस बघावा, एस.टी.नं एकदा तालुक्याला जाऊन यावं, दुपारी तीनला वाडी कशी दिसते ते बघावं. मला स्वयंपाकात मदत नको. नंतर त्यांनी स्वतः फोन करून सांगावं, येणार की नाही.

त्यांचे यजमान म्हणाले, "तिला एकटीला भीती वाटेल हो." मी म्हटलं, वाटू दे, पण आत्ताच वाटू दे. मग फोन वहिनींनी घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालता?" इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. चुलीवरच्या माळ्यापाशी दोरी आहे, तिथे. त्यांना म्हटलं, येताना बॅटरी आणि दोन सुती साड्या जास्तीच्या आणा.